ग्रोसग्लॉकनरचा हिमनदी रस्ता, कुटुंबासह आणि स्वतःच्या स्टिअरिंगवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रियातला हा रस्ता पाहायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांकडून तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. काही पुण्या-मुंबईहून सुट्टीला येणाऱ्यांचे असतात, काही म्युनिक किंवा व्हिएन्नात राहणाऱ्या आणि आई-वडिलांना फिरवायला नेणाऱ्यांचे. आधी साधे प्रश्न घेतले आहेत, अडचणीचे पुढे आहेत.

१. हा रस्ता नेमका कुठून कुठे जातो? किती लांब, किती उंच?

उत्तरेला झाल्त्सबुर्ग राज्यातलं ब्रुक, दक्षिणेला कॅरिंथिया राज्यातलं हायलिगेनब्लूट. मधलं अंतर सुमारे ४८ किलोमीटर आणि वळणं ३६. वळणांवर क्रमांकाच्या पाट्या आहेत. मुलांना मोजायला सांगा, मागच्या सीटवरचा अर्धा तास शांततेत जातो.

मुख्य रस्त्याचा माथा म्हणजे होखटोर, उंची २,५०४ मीटर. तिथे ३११ मीटरचा बोगदा आहे आणि त्यातच दोन राज्यांची हद्द बदलते. माथ्यापलीकडे उतरताना गुट्टालला फाटा फुटतो. उजवीकडचा रस्ता हिमनदीकडे, २,३६९ मीटरवरच्या कायझर-फ्रान्झ-योसेफ्स-होहे या ठिकाणी जाऊन संपतो. सम्राट फ्रान्झ योसेफ १८५६ मध्ये इथवर आला होता, त्यावरून हे नाव. समोर ३,७९८ मीटरचा ग्रोसग्लॉकनर, ऑस्ट्रियातलं सर्वोच्च शिखर, आणि पायाशी पास्टर्त्से हिमनदी. तुलनेसाठी आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे. ती उंची तुम्ही अर्ध्या चढातच मागे टाकता.

अभियंता फ्रान्झ वालाक यांनी आखलेल्या या रस्त्याचं बांधकाम १९३० मध्ये सुरू झालं आणि ३ ऑगस्ट १९३५ रोजी तो खुला झाला.

२. रस्ता कधी उघडा असतो? कोणता महिना चांगला?

साधारण मेच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, तोही फक्त दिवसा. रात्री फाटक बंद होतं. पहाटे उघडण्याची आणि संध्याकाळी बंद होण्याची वेळ महिन्यानुसार बदलते आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या पाऊण तास आधीच थांबतो, त्यामुळे निघण्याच्या आदल्या रात्री रस्त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर वेळ पाहून ठेवा.

महिना कोणता, हे तुम्हाला काय पाहायचं आहे त्यावर अवलंबून आहे. मेमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच बर्फाच्या भिंती असतात. तो देखावा नंतर मिळत नाही, पण पायवाटा बर्फाखाली असतात आणि तळी गोठलेली असतात. जुलैत रानफुलं येतात. लहान मुलं बरोबर असतील तर आमचा कौल जूनचा शेवट किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. ऑगस्टमध्ये युरोपभर सुट्ट्या असतात आणि दुपारी वरचं पार्किंग भरतं.

३. टोल किती? ऑस्ट्रियाचं व्हिन्येट घेतलंय, ते चालत नाही का?

नाही चालत. व्हिन्येट म्हणजे मोटरवेच्या टोलचं स्टिकर, ते फक्त मोटरवेसाठी असतं आणि या रस्त्याचा टोल स्वतंत्र आहे. कारच्या एका दिवसाच्या तिकिटाला ४० युरोंहून जास्त पडतात आणि दर जवळजवळ दरवर्षी थोडे वाढतात. रक्कम ऐकून धक्का बसतो, पण ती माणशी नसून गाडीमागे आहे. सातजण एका गाडीत असाल तरी तेवढीच. वरचं पार्किंग आणि रस्त्यावरची प्रदर्शनं त्यातच येतात. हिमनदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी त्याच वाटेने परतायला वेगळं तिकीट लागत नाही. पावती मात्र दिवसभर जपून ठेवा.

व्हिन्येट लागेल की नाही, हे तुम्ही ब्रुकपर्यंत कसे येता त्यावर ठरतं. झाल्त्सबुर्गहून मोटरवेने आलात तर लागेल. त्सेल-आम-झे गावात मुक्काम असेल तर तिथून ब्रुक अगदी जवळ आहे आणि मध्ये मोटरवे येत नाही.

४. भारतातल्या परवान्यावर गाडी चालवता येते का? मुलांसाठी काय नियम?

मूळ परवाना आणि त्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही जवळ हवेत. आंतरराष्ट्रीय परवाना तुमच्या आरटीओकडून मिळतो आणि एक वर्ष चालतो. नुसता तोच घेऊन गेलात तर त्याला अर्थ नाही, कारण तो मूळ परवान्याचं भाषांतर आहे.

१४ वर्षांखालच्या आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना चाइल्ड सीट सक्तीची आहे. मांडीवर बसवणं चालत नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. सीट गाडीच्या बुकिंगबरोबरच मागा, काउंटरवर ऐनवेळी मिळेलच असं नाही. गाडीत धोक्याचा त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि चमकणारं जाकीट असणं ऑस्ट्रियात बंधनकारक आहे. किल्ली घेताना डिकी उघडून या तिन्ही वस्तू डोळ्यांनी पाहा. गाडी जर्मनीत किंवा स्लोव्हेनियात घेतली असेल तर ती ऑस्ट्रियात नेण्याची परवानगी करारात लिहिलेली हवी.

५. एका दिवसात होतं का? थांबे कोणत्या क्रमाने घ्यावेत?

होतं, पण क्रम उलटा लावा. बहुतेकजण पहिल्या वळणापासून प्रत्येक फलकापाशी थांबत जातात. हिमनदीपाशी पोहोचतात तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो, पार्किंगसाठी रांग असते, मुलं कंटाळलेली असतात आणि शिखर ढगात गेलेलं असतं.

आमचा सल्ला असा की सकाळी सातच्या सुमारास ब्रुक सोडा, वाटेत फक्त गरजेपुरते थांबा आणि थेट हिमनदीपाशी जा. लहान मुलांसह सव्वा ते दीड तास धरा. कारणं दोन. एक म्हणजे सकाळचं ऊन ग्रोसग्लॉकनरच्या तुमच्या बाजूच्या कड्यावर सरळ पडतं. दुपारनंतर सूर्य शिखराच्या मागे जातो आणि फोटोत नुसती काळी आकृती उरते. दुसरं, उन्हाळ्यात डोंगरावर ढग आणि गडगडाट दुपारनंतर जमतात. साडेआठ-नऊला पोहोचलात तर दोन तास निवांत मिळतात. मग परतीच्या वाटेवर एकेक थांबा घ्या (कुठले, ते प्रश्न ६ मध्ये). ढग आलेच तर तळं, प्रदर्शन आणि खाणं ढगातही करता येतं, शिखर पाहणं नाही.

मुक्काम दक्षिणेला लिएन्त्स (Lienz, उत्तरेतलं लिंत्स शहर नव्हे) किंवा हायलिगेनब्लूटकडे असेल तर काम आणखी सोपं आहे. तिथून हिमनदी आधीच येते आणि होखटोर नंतर.

६. मुलं, आजी-आजोबा बरोबर आहेत. कुठे थांबणं खरंच सार्थकी लागतं?

कायझर-फ्रान्झ-योसेफ्स-होहेला दीड-दोन तास ठेवा. बहुमजली पार्किंगमधून बाहेर आलं की थोड्याच पावलांवर कठडा आहे, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांनाही हिमनदी दिसते. आत माहिती केंद्र आहे, थंडी वाजली की तिथे शिरा. कठड्याखालच्या गवतात मार्मोट हमखास दिसतात. खारीच्या कुळातला मांजराएवढा गुबगुबीत प्राणी, धोका दिसला की शिट्टी मारतो. मुलं हिमनदी विसरतील पण हा विसरणार नाहीत. त्यांना बिस्किटं, चिवडा घालू नका. त्यांना हिवाळाभराच्या झोपेसाठी गवत-मुळं खाऊन चरबी साठवायची असते, मीठ-साखरेने त्यांचं पोट बिघडतं. कड्यांवर आयबेक्स हे वळणदार शिंगांचे रानबोकड शोधायला दुर्बीण न्या. चालायची हौस असेल तर गाम्सग्रुबेनवेग ही पायवाट बोगद्यांमधून हिमनदीच्या कडेने जाते. दरडीच्या भीतीने ती कधीकधी बंद असते.

परतताना होखटोरच्या बोगद्याआधी गाडी लावून पाच मिनिटं उतरा. या खिंडीतून रोमनांच्याही आधीपासून व्यापारी जात. रस्ता खोदताना १९३३ मध्ये इथे हर्क्युलिसची लहान कांस्यमूर्ती सापडली.

त्यानंतर २,२६२ मीटरवरचं फुशर लाके हे छोटं तळं. आमच्या मते लहान मुलांसाठी सगळ्यांत चांगला थांबा हाच. काठाने सपाट फेरी आहे, दगड पाण्यात टाकायला मोकळीक आहे आणि रस्ता कसा बांधला याचं छोटं प्रदर्शनही आहे. पुढे फुशर ट्योर्लला रस्ता बांधताना मृत्यू पावलेल्या कामगारांचं स्मारक आहे. तिथे मुलांना दोन मिनिटं उभं करा आणि हा रस्ता कुणाच्या हातांनी झाला ते सांगा.

अजून खाली, पावसाळी दिवशी, २,२६० मीटरवरचं आल्पाइन निसर्ग संग्रहालय कामाला येतं. हेक्सेनक्यूखे म्हणजे 'चेटकिणीचं स्वयंपाकघर', दरडीच्या प्रचंड शिळांचा पसारा. हे नाव सांगितल्याशिवाय गाडी पुढे नेऊ नका. उतरून ताकद उरली तर उत्तरेच्या टोलनाक्यापाशी फेअरलाइटनला प्राण्यांचं उद्यान आहे.

७. हिमनदीवर पाय ठेवता येईल का? मुलांना बर्फात खेळायचंय.

पास्टर्त्सेवर स्वतःहून उतरू नका. वरून ती राखाडी मातीसारखी दिसते, कारण बर्फावर दगडगोटे पसरलेले असतात. त्याखाली भेगा आणि वितळलेल्या पाण्याच्या पोकळ्या असतात आणि कडा कधी ढासळेल ते वरून कळत नाही.

एकेकाळी उतरणं सोपं होतं. बर्फाच्या काठापर्यंत लोकांना नेण्यासाठी १९६३ मध्ये इथे उतारावरची रेल्वे बांधली गेली. आज बर्फ तिच्या खालच्या स्थानकाच्याही कितीतरी खाली गेला आहे. ऑस्ट्रियाच्या अल्पाइन क्लबच्या मोजणीनुसार २०२२-२३ या एका वर्षात पास्टर्त्सेचं टोक २०० मीटरहून जास्त मागे सरकलं. ही ऑस्ट्रियातली सर्वांत मोठी हिमनदी आहे, आणि मुलांना ती दाखवायची असेल तर 'पुढे कधीतरी' असं म्हणत राहू नका.

खेळायला बर्फ हवा असेल तर जूनपर्यंत होखटोर आणि फुशर ट्योर्लच्या आसपास पार्किंगलगत साचलेला बर्फ मिळतो. सपाट तुकडा निवडा. उतारावरचा बर्फ सकाळी काचेसारखा टणक असतो, घसरलेलं मूल थांबत नाही.

८. वरंधा, ताम्हिणी, आंबोली सगळे घाट चालवलेत. इथे वेगळं काय?

रस्ता आपल्या घाटांपेक्षा रुंद आहे, खड्डे नाहीत, जास्तीत जास्त चढ १२ टक्के आहे. अवघड आहे ती बाजू. इथे उजवीकडून चालवायचं आणि तुम्ही गाडीत डावीकडे बसलेले. आपल्या सवयीचा चालक नकळत उजवीकडे सरकत जातो आणि उजवीकडे कठडा किंवा खडक असतो. उपाय सोपा आहे: डोळा मधल्या रेषेवर ठेवा आणि ती रेषा तुमच्या डाव्या खांद्याजवळून जाते आहे एवढंच पाहा. पहिल्यांदाच अशी गाडी हातात येत असेल तर आदल्या दिवशी दरीतल्या सपाट रस्त्यावर तासभर चालवा.

दुसरा फरक वळणांचा. इथे उजवं वळण आतलं आणि आवळ असतं. त्यात शिरण्याआधीच दुसरा गिअर टाका, वळणाच्या मध्यात गिअर बदलायला जाऊ नका. डावं वळण ऐसपैस असतं म्हणून ते कापण्याचा मोह होतो. कापू नका, समोरून मोटरसायकली झुकून येत असतात.

वळणावर हॉर्न देण्याची आपली रीत इथे नाही. हॉर्न फक्त खरा धोका टाळण्यासाठी. मागे गाड्या साचल्या तर पुढच्या थांब्यात बाजूला व्हा आणि त्यांना जाऊ द्या.

९. उतरताना ब्रेकचा वास येतो म्हणतात. काय करायचं?

या रस्त्यावर सर्वांत जास्त होणारी चूक हीच. माथ्यापासून ब्रुकपर्यंत तुम्ही सुमारे १,७५० मीटर खाली येता. भरलेली गाडी पायाच्या ब्रेकवर उतरवली तर ती सगळी ऊर्जा डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन साठते. आधी जळका वास येतो, मग पॅड तापून पकड कमी होते, आणि शेवटी ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणून पेडल मऊ लागतं आणि पाय खाली जात राहतो.

टाळायचं कसं? ज्या गिअरमध्ये चढ चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. बहुतेक ठिकाणी दुसरा, मोकळ्या तुकड्यांवर तिसरा. इंजिनचा आवाज वाढतो, त्याला घाबरू नका, तेच गाडी धरून ठेवतं. ब्रेक लागेल तेव्हा ठाम दाबा, वेग कमी करा आणि सोडा. पाय सतत हलकासा टेकवून ठेवणं सर्वांत वाईट.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करण्याची सवय इथे पूर्ण सोडा. आताच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना इंजिनला इंधन जवळजवळ देतच नाहीत, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला ते लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही, ताबा तेवढा जातो.

वास आलाच तर जवळच्या थांब्यात गाडी घ्या, शक्यतो सपाट जागी. पहिल्या गिअरमध्ये किंवा 'पी'मध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. तापलेल्या चाकांवर हँडब्रेक करकचून ओढू नका. पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते किंवा तडकते. अर्धा तास थांबा. त्यानंतरही पेडल मऊ असेल तर गाडी हलवू नका, मदत बोलवा (प्रश्न १५).

१०. ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर?

ऑटोमॅटिक 'डी'मध्ये सोडली तर ती उतारावर वरचे गिअर टाकत जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. 'एम', 'एल' किंवा 'बी' यांपैकी जे असेल ते वापरा, किंवा स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर खाली आणा. हे बटण कुठे आहे ते गाडी घेताना विचारा.

इलेक्ट्रिक गाडीला हा रस्ता मानवतो. माणसांसह दोन टनांची गाडी ब्रुकहून होखटोरला नेताना फक्त उंचीसाठी सुमारे साडेनऊ युनिट वीज लागते, रस्त्याचा नेहमीचा खर्च वेगळा. उतरताना यातला बराच भाग परत मिळतो. मात्र माथ्यावर बॅटरी शंभर टक्के भरू नका. भरलेल्या बॅटरीत परतीची वीज मावत नाही आणि गाडी ऐन उताराच्या सुरुवातीला मोटरने वेग आवरणं बंद करते. पेट्रोल-डिझेलवाल्यांनी टाकी दरीतच भरावी.

११. मुलाला गाडी लागते. ३६ वळणं झेपतील का?

निघण्याआधी कोरडं, हलकं खाणं. दूध आणि तेलकट नको, उपाशी पोटही नको. मोबाइल आणि पुस्तक बंद. मुलाला मागच्या मधल्या सीटवर बसवलं तर समोरचा रस्ता दिसतो. काच थोडी उघडी ठेवा. चालकाने वळणात शिरण्याआधी वेग कमी करून वळणात एकसारखा ठेवला तर निम्मा त्रास कमी होतो. ॲव्होमिनसारखी गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, प्रवासाच्या आधी. दोन वर्षांखालच्या बाळाला ती देत नाहीत. चालकाने कधीही घेऊ नये, तिने झोप येते.

१२. उंचीचा त्रास होईल का? बाळ, रक्तदाब असलेले आजोबा, गरोदर स्त्री?

होखटोरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो. निरोगी माणसाला काही तासांत सहसा धाप आणि हलकी डोकेदुखी यापलीकडे काही होत नाही. वर गेल्यावर पायऱ्या सावकाश चढा, पाणी पीत राहा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार, सिकल सेल, अवघड गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. कुणाला श्वास लागला किंवा गोंधळल्यासारखं झालं तर औषध शोधत बसू नका, लगेच खाली उतरा.

बाळांचे कान चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखतात. उतार सुरू झाला की बाटली किंवा अंगावरचं दूध द्या, पण त्यासाठी गाडी थांबवा, बाळाला सीटमधून चालत्या गाडीत काढू नका. मोठ्या मुलांना चोखायला गोळी द्या. सर्दीने कान बंद असतील तर एक दिवस थांबणं बरं.

कपड्यांचा हिशेब असा: दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश कमी. त्सेल-आम-झेला २५ अंश असेल तर माथ्यावर १४ च्या आसपास आणि वारा वेगळा. जुलैतही प्रत्येकाला जाकीट, टोपी, बंद बूट हवेत. गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नका, थंड हवेत ऊन जाणवत नाही पण त्वचा भाजते.

१३. शाकाहारी आहोत. खायचं काय? घरून काय नेता येईल?

वरच्या खानावळींत केझेश्पेत्सले (चीज घातलेल्या पिठाच्या गोळ्या) आणि कायझरश्मारन (तुकडे केलेलं गोड, फुगलेलं धिरडं) मिळतात. दोन्हींत अंडं असतं. सूप भाज्यांचं दिसलं तरी त्याचं पाणी मांसाचं असू शकतं, म्हणून 'ओहने फ्लाइश' म्हणजे मांसाविना आणि 'ओहने आय' म्हणजे अंड्याविना, हे दोन शब्द पाठ करा.

भारतातून येताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. युरोपीय संघात प्रवाशाने मांस आणि दुधाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे, त्यात पेढे, बर्फी, तूप सगळं येतं. ताजा कढीपत्ताही नको. दुधाऐवजी पाण्यात पीठ भिजवून केलेल्या दशम्या, धपाटे, भाजके शेंगदाणे, चिवडा, सुकी लसणाची चटणी हे चालतं. वर चिवड्याचं पाकीट फुग्यासारखं फुगलेलं दिसेल, ते खराब झालेलं नाही, बाहेरचा दाब कमी झाला आहे.

१४. एडेलवाइसश्पिट्सेपर्यंत गाडी न्यावी का?

फुशर ट्योर्लजवळून निघणारा हा छोटा रस्ता २,५७१ मीटरवर जातो, म्हणजे होखटोरपेक्षाही वर. स्वच्छ दिवशी चहूकडे शिखरं दिसतात. पण रस्ता दगडी फरसबंदीचा, अरुंद, चढ मुख्य रस्त्याहून तीव्र, आणि बस व कॅराव्हॅनला बंदी. चढावर थांबून पुन्हा निघण्याचा सराव असेल, दगड कोरडे असतील आणि सकाळ असेल तरच जा. ओल्या फरशीवर चाक घसरतं. भरदुपारी वर जागाही नसते आणि उलटं फिरणं जड जातं. नको वाटलं तर गाडी खाली लावा आणि चालत वर जा.

१५. ऐन उन्हाळ्यात बर्फ पडला, रस्ता बंद झाला किंवा गाडी बिघडली तर?

जुलै-ऑगस्टमध्येही माथ्यावर बर्फ पडतो. सकाळी संकेतस्थळावरचे कॅमेरे पाहा. उन्हाळी टायर असतील आणि रस्त्यावर बर्फ दिसत असेल तर जाऊ नका, दिवस बदला. दक्षिणेला पोहोचणंच गरजेचं असेल तर मिटरझिलहून माट्राइला जाणारा फेल्बरटाउअर्न रस्ता आहे. त्यावरचा पाच किलोमीटरहून लांब बोगदा वर्षभर चालू असतो, त्याला वेगळा टोल पडतो. अचानक धुकं आलं तर हेडलाइट लो बीमवर लावून हळू चालवा, रस्त्यात थांबू नका, पुढच्या थांब्यात शिरा.

गाडी बिघडली तर आधी चमकणारं जाकीट घाला, मगच दार उघडा. त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवा, वळणापलीकडे ठेवलेला येणाऱ्याला दिसत नाही. मुलांना दरीच्या नाही, डोंगराच्या बाजूला कठड्यामागे उभं करा. आपत्कालीन क्रमांक ११२, डोंगरातील बचावासाठी १४०, रस्त्यावरच्या मदतीसाठी १२०. भाड्याच्या गाडीचा मदत क्रमांक निघण्याआधीच कागदावर लिहून ठेवा, कारण काही वळणांत मोबाइलला रेंज नसते. मदत मागताना जवळच्या वळणाच्या पाटीवरचा क्रमांक सांगा.